ख्रिस्तपुराणातील निष्पाप तारक

फादर स्टीफन्सकृत ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) आपल्या स्मरणात असते ते बहुधा त्यातील मराठीच्या गौरवापुरते. हा त्या ग्रंथावर अन्याय होय. त्याचा खरा विषय निष्पाप तारक हा आहे. पुराणश्रवणाला सरावलेल्या गोमंतकीय श्रोत्याला देवाने देह धारण करणे नवे नव्हते; परंतु अवताराची कृती ही लीला ठरते, तेथे पापाचा प्रश्न सहसा उपस्थितच होत नाही. ख्रिस्ती श्रद्धेतील तारक मात्र पूर्णत्वाने मनुष्यही आहे. त्याला भूक लागते, मोह त्याच्यापुढे उभा राहतो, मरणाची व्यथा त्याला जाळते. तरीही तो निष्कलंक राहतो. म्हणूनच त्याचे मरण स्वतःच्या अपराधाचे शासन न ठरता मानवजातीच्या ऋणाची फेड ठरते. जो स्वतःच ऋणको, तो दुसऱ्याला जामीन कसा राहणार?

हा भेद स्टीफन्स रचनेतूनच पटवितात. सृष्टी आणि आदामाचे पतन येथून निघालेले, ३६ अवस्वरांचे म्हणजे अध्यायांचे ‘पहिले पुराण’ ओलांडल्यावरच तारकाचे ‘दुसरे पुराण’ येते. आधी ऋण, मग फेड. ओवीचा परिचित घाट हा नवा आशय पेलतो, की त्याला अवतारकथेकडे ओढतो, हीच या काव्याची कसोटी. आमच्या मते तो पेलतो. मात्र पहिले पुराण वगळणाऱ्या वाचकाच्या हाती आणखी एक अवतारच तेवढा लागेल.