ही वासना कोणाची?

महानुभावांच्या गद्याचे आपण मराठी लोक कौतुक करतो ते बहुधा भाषेसाठी. छोटी वाक्ये, बोलीचा गोडवा, सातशे वर्षांपूर्वीची क्रियापदे! २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याच साली ऋद्धिपुरास मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले, आणि 'लीळाचरित्रा'चे नाव पुन्हा एकदा सर्वांच्या तोंडी झाले. नाव तोंडी होणे आणि ग्रंथ हाती येणे या अर्थातच दोन निराळ्या गोष्टी आहेत. मी स्वतः हे ग्रंथ प्रथम वाचले ते परीक्षेसाठी. आमच्या प्राध्यापकांनी वर्षभर विभक्तिप्रत्यय शिकविले. पण ही माणसे एकमेकांशी इतक्या काकुळतीने वाद कशाबद्दल घालीत आहेत, हे काही त्यांनी सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही.

वाद एकाच गोष्टीचा आहे. ज्याला साक्षात परमेश्वर मानले तो निघून गेला. आता कोणाचे ऐकावयाचे?

१२७४ च्या सुमारास चक्रधरांनी उत्तरेची वाट धरली. मागे राहिली ती माणसे: नागदेव ऊर्फ भटोबास, महदाइसा, म्हाइंभट आणि इतर. नागदेवांचे पूर्वायुष्य काही धुतल्या तांदळासारखे नव्हते, हे पंथाची परंपराच सांगते. म्हाइंभट हा सराळ्याचा विद्वान, मुळात वाद जिंकण्याच्या इराद्याने आलेला. अशा माणसाने पुढे स्वामींच्या आठवणी गोळा करण्याचे काम अंगावर घेतले, ही पंथाच्या भाग्याची गोष्ट म्हटली पाहिजे. जन्मजात भाविकाने हे काम केले असते तर एक गुळगुळीत चरित्र निघाले असते. म्हाइंभटाने माणसे गाठली, प्रत्येकास विचारले, आणि नागदेवांकडून पडताळून घेतले.

पुढे खालशाच्या धाडीत मूळ पोथी गेली. मग ज्यांना जे पाठ होते त्यांवरून ग्रंथ पुन्हा उभा करण्यात आला, आणि साहजिकच त्याचे अनेक पाठ झाले. हिराइसेचा पाठ, रामेश्वरबासाचा पाठ, पिढीपाठ अशी त्यांची नावेच पडली. येथे पंथाने जे केले त्याची आपल्या टीकाकारांनी म्हणावी तशी दखल घेतलेली नाही. जेथे आठवणी जुळेनात तेथे त्यांनी एक ठेवून दुसरी पुसली नाही. दोन्ही लिहिल्या, आणि निराळ्या आठवणीस 'वासना' असे नाव देऊन ती कोणाची हेही पुष्कळदा नोंदले. प्रसंग या गावी घडला. अमक्याच्या वासनेप्रमाणे त्या गावी. स्वामी असे म्हणाले. हिराइसा म्हणते, तसे नव्हे, असे म्हणाले. ज्या वचनावर मोक्ष अवलंबून आहे ते वचनच दोन तऱ्हांनी आठवते, असे भक्तांनी आपल्याच ग्रंथात कबूल करावयाचे, याला केवढे धैर्य लागत असेल! आणि आठवणाऱ्यांत एका बाईचे नाव अधिकाराने यावे, हेही त्या काळी लहान नव्हे.

या कबुलीमागे एक हिशेब आहे. चक्रधरांचे वचन ती श्रुती, नागदेवांचे ती स्मृती, त्यानंतरच्या वडीलधाऱ्यांचे आचरण तो वृद्धाचार, आणि त्याखाली मार्गरूढी. वेदान्त्यांचेच शब्द उचलले. मात्र शिडीच्या माथ्यावर वेद ठेवला नाही, मराठीत बोललेला एक माणूस ठेवला. (पंथ त्याला माणूस म्हणणार नाही, हे मला ठाऊक आहे.) माथ्याखालची प्रत्येक पायरी मात्र मनुष्याची, आणि म्हणून वरच्या पायरीला जबाबदार. केसोबासांचा 'दृष्टान्तपाठ' पाहा. एकशे चौदा दृष्टान्त. प्रत्येकात सूत्र आणि दृष्टान्त स्वामींचा, त्यावरील दार्ष्टान्तिक तेवढे केसोबासांचे. स्वामींच्या वाक्यात आपले वाक्य बेमालूम मिसळून देणे या पंडिताला काही कठीण नव्हते. त्याने शिवण दिसेल अशी ठेवली. जात्यंधांनी चाचपलेल्या हत्तीचा दृष्टान्त याच ग्रंथात आहे, हे वाचताना माझ्या मनातून जात नाही.

'स्मृतिस्थळा'चा खरा विषय हाच. त्यातील नागदेव हा गादीवर बसलेला आचार्य नाही. सतत प्रश्न विचारला जाणारा, आणि उत्तर देताना आपल्या गुरूकडे बोट दाखविणारा माणूस आहे. केसोबास आणि पंडितबास संस्कृतात पुसू लागले तेव्हा त्याने ती भाषा झिडकारली. कारण काय, तर मला श्रीचक्रधरांनी मराठीत सांगितले, तुम्हीही मराठीतच विचारा. केसोबासांना संस्कृत रचनेपासून परावृत्त केले तेही आपल्या म्हाताऱ्या बायका नागवल्या जातील म्हणून. आपण हा प्रसंग मराठीच्या अभिमानाचा म्हणून वाचतो. मला तो अधिकाराविषयीचा वाटतो. ज्या दिवशी पंथाचे ज्ञान म्हातारीला कळेनासे होईल त्या दिवशी तिचा प्रश्न विचारण्याचा हक्क जाईल, हे त्या धोरणी माणसाने ओळखले होते. महदाइसेचे उदाहरण त्याच्यासमोरच होते; सदा काही ना काही पुसणारी म्हणून खुद्द स्वामींनीच तिला वाखाणले होते.

येथवर मी पंथाची स्तुती केली. पण पुढचा इतिहास इतका सरळ नाही. स्वामींचे वचन कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून निघाले, हे सांगणारा 'प्रकरणवश' नावाचा ग्रंथ पंथात आहे. कल्पना उत्तम. वचनाला प्रसंग जोडल्याशिवाय अर्थ लागत नाही, हे कोणीही समीक्षक मान्य करील. परंतु याच दाराने सिद्धान्त बदलता येतो. अप्रिय वचन असेल तर 'ते अमक्यापुरते होते', आणि सोयीचे असेल तर 'ते सर्वांसाठी आहे', असे म्हणावयास काय लागते? झाडातळी राहा, एका ठिकाणी गुंतू नका, अशी ज्यांची शिकवण, त्यांच्या नावाने पुढे मठ उभे राहिले, महंत झाले, गाद्या झाल्या. नागदेव सुमारे १३०२ मध्ये गेले. नंतर काही पिढ्यांतच पंथाचे तेरा आम्नाय झाले, आणि उपाध्ये व कवीश्वर हे त्यांतले दोन पुढे प्रमुख राहिले. पोथीच्या पानावर शेजारी शेजारी नांदणाऱ्या वासना माणसांच्या जगात मात्र वेगळ्या चुली मांडून बसल्या.

मग आल्या सकळ आणि सुंदरी या लिप्या. परकीयांपासून ग्रंथ राखण्यासाठी त्या आल्या, असे सांगतात. त्यात तथ्य असेलच. पण मला राहून राहून वाटते की लिपीची किल्ली ज्याच्या हाती तोच अर्थाचा मालक होतो. नागदेवाने संस्कृतचे दार म्हातारीसाठी बंद केले, आणि त्याच्या वारसांनी मराठीलाच कुलूप लावले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी ती लिपी उलगडली, आणि वासनांसकट हे ग्रंथ हळूहळू उजेडात आले. दरम्यान पंथ थेट पंजाब आणि काबूलपर्यंत पोहोचला होता. तेथेही धर्मभाषा राहिली ती मराठीच. हा हट्ट नागदेवाचा.

अधिकाऱ्यांचा निर्णय आणि त्याची नोंद यांचे एक उदाहरण मात्र आम्हां वाङ्मयाच्या लोकांना विशेष जवळचे आहे. भास्करभट्ट बोरीकरांनी 'शिशुपाळवध' रचला आणि नागदेवांनंतर आचार्य झालेल्या बाइदेवबासांना दाखविला. ग्रंथ चांगला झाला, पण निवृत्तांच्या उपयोगाचा नाही, असा त्यांचा अभिप्राय पडला. शृंगार जास्त. आज्ञा शिरसावंद्य मानून कवीने 'उद्धवगीता' लिहिली. बाइदेवबासांचा निर्णय श्रुती नव्हे, स्मृतीही नव्हे. एका वडीलधाऱ्या माणसाचे मत. माझ्या मते ते चुकीचे होते. 'उद्धवगीता' आदराने वाचतात, 'शिशुपाळवध' आवडीने. रुक्मिणीचा रुसवा आणि वसंतातले ते वन ज्याने वाचले त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. पण पंथाने काय केले? अभिप्राय सांभाळला, आणि ज्याच्याविरुद्ध तो होता ते काव्यही. त्याच आम्नायांतल्या लेखकांनी, निवृत्तांनीच, ते शतकानुशतके उतरून घेतले.