नेल्सन चार्ल्स आणि नेल्सन डेव्हिस : सेवानोंदींतील नामभेदाचा प्रश्न

अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१–१८६५) लढलेल्या पूर्वजाचा माग काढणारा अभ्यासक प्रथम वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय अभिलेखागारातील सेवापत्रांकडे वळतो. ही पत्रे युद्धकालीन नव्हेत. निवृत्तिवेतनाचे दावे त्वरित पडताळता यावेत म्हणून युद्धखात्याच्या कारकुनांनी १८९० च्या सुमारास पलटणींच्या हजेरीपटांवरून ती उतरवून घेतली. सैनिकाने उच्चारलेले, अधिकाऱ्याने ऐकलेले व कारकुनाने नकलून घेतलेले नाव अशा तीन पायऱ्या उतरून ते अभ्यासकाच्या हाती येते. प्रत्यक्ष सैनिक सुमारे ३५ लाख असता राष्ट्रीय उद्यान विभागाच्या सूचीत ६३ लाख नोंदी भरतात, त्याचे एक कारण हे लेखनभेदच होत.

यावरील रूढ उपाय म्हणजे १९१८ साली रॉबर्ट रसेल यांच्या नावे नोंदलेली साउंडेक्स पद्धती. 'डेव्हिस' व 'डेव्हीज' यांस ती डी-१२० हा एकच संकेत देते. नामभेद ध्वनीच्या अंगाने घडतात, हे तिचे गृहीतक. आणि दास्यातून सुटलेल्या सैनिकांपाशी ते कोसळते.

हॅरिएट टबमन यांचे प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. त्यांचे पती नेल्सन डेव्हिस १८८८ मध्ये वारले. विधवावेतनासाठी अर्ज केल्यावर असे आढळले की, आठव्या कृष्णवर्णीय पलटणीच्या पटावर डेव्हिस नव्हे, 'नेल्सन चार्ल्स' आहे. चार्ल्स हे धन्याचे आडनाव आणि डेव्हिस हे वडिलांचे, असे टबमन यांनी जबानीत सांगितले. सी-६४२ व डी-१२० यांत ध्वनीचे कसलेच नाते नाही; नाते आहे ते मालकी आणि पितृत्व यांच्यामधील निवडीचे, आणि ते कोणत्याही ध्वनिसूत्रात मावणारे नव्हे.

जबानी निर्दोष साधन आहे, असे मात्र मानू नये. ती परीक्षक अधिकाऱ्याच्या प्रश्नांनी आखलेली व त्याच्याच लेखणीने उतरलेली असते. शिवाय साक्षीदाराचा आर्थिक हितसंबंध उघडच असतो. तरीही दोन्ही नावे एकाच माणसाची आहेत, हे पत्नीच्या तोंडून नोंदले गेले ते येथेच. सेवापत्राला ते सांगण्याचे प्रयोजनच नव्हते. अशा सैनिकाचा वंशज ज्या आडनावाने आज ओळखला जातो, त्यावरून सेवापत्रे चाळण्यापूर्वी त्याने विधवेच्या दाव्याची सूची पाहणे अधिक श्रेयस्कर. टबमन यांचा दावा ऑक्टोबर १८९५ मध्ये मान्य झाला : दरमहा ८ डॉलर.