हॅनिबलची पाटी आणि बदामीचा कातळ

प्राचीन युद्धांवर बोलायला उभा राहिलेला वक्ता आपल्याकडे दहा मिनिटांत हॅनिबलवर येतो आणि तिथून थेट पुलकेशीवर उडी मारतो. ‘दुसरा पुलकेशी म्हणजे आपला हॅनिबल’ म्हटलं की टाळ्या पडतात. कोप्पीकर रोडवरच्या आपल्या बैठकांतही ही तुलना मी अनेकदा ऐकली आहे. बदामी इथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, तेव्हा अभिमान वाटणं साहजिकच. माझा आक्षेप अभिमानाला नाही. या तुलनेत आपल्या हातातली सर्वांत मोलाची गोष्ट निसटते, एवढंच मला दाखवायचं आहे.

तुलना अगदीच निराधार नाही. रोम आणि कार्थेज तीनदा लढले: इ.स.पू. २६४ ते २४१, २१८ ते २०१ आणि १४९ ते १४६. बदामीचे चालुक्य आणि कांचीचे पल्लव हेही शंभराहून जास्त वर्षं, पिढ्यान्‌पिढ्या झुंजले. दोन्हीकडे बापाचं वैर मुलाने चालवलं, दोन्हीकडे एक राजधानी शत्रूच्या हाती पडली. चौकट जुळते. प्रश्न असा की या चौकटीतली माणसं आपल्याला कोणी सांगितली?

आधी रोमकडे पाहू. हमिल्कार बार्का, त्याचा मुलगा हॅनिबल, वेळ काढून शत्रूला थकवणारा फेबियस, झामाची लढाई जिंकणारा स्किपिओ, ‘कार्थेज नष्ट केलंच पाहिजे’ असा धोशा लावणारा कॅटो. ही सगळी पात्रं ठसठशीत आहेत. पण त्यांच्यासाठी आपण मुख्यतः पॉलिबियस आणि लिव्ही या दोघांवर विसंबतो. लिव्ही हॅनिबलनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी लिहितो, रोमच्या वैभवाच्या काळात. पॉलिबियस काळाने जवळचा आणि फार सावध लेखक. पण हा ग्रीक गृहस्थ रोममध्ये ओलीस म्हणून आला आणि स्किपिओंच्याच घराचा स्नेही झाला. कार्थेज जळताना तो धाकट्या स्किपिओच्या शेजारी उभा होता. यजमानाच्या आजोबांबद्दल त्याने चांगलंच लिहिलं, यात नवल नाही.

हॅनिबलची बाजू सांगणारे कोणी नव्हतेच असं नाही. सोसिलस आणि सिलेनस हे दोन ग्रीक त्याच्या छावणीत होते. त्यांची पुस्तकं हरवली. खुद्द हॅनिबलने इटलीच्या दक्षिण टोकाला, लॅसिनियमच्या देवळात, प्युनिक आणि ग्रीक भाषांत लेख कोरून ठेवला होता. आल्प्स उतरल्यावर त्याच्याजवळ २०,००० पायदळ आणि ६,००० घोडदळ उरलं होतं, हा आकडा त्याच पाटीवरचा. पाटी आज नाही. पॉलिबियसने ती वाचली म्हणून तेवढा आकडा आपल्यापर्यंत पोचला. कार्थेजच्या ग्रंथसंग्रहांचंही तेच झालं: रोमने ते आफ्रिकेतल्या राजांना वाटून टाकले आणि मागोचे शेतीवरचे २८ ग्रंथ तेवढे लॅटिनमध्ये करून घेतले. म्हणजे आपण ज्याला हॅनिबल म्हणतो तो बराचसा त्याला हरवणाऱ्यांनी रंगवलेला आहे.

आता बदामी. पुलकेशीची कीर्ती आपल्याला कळते ऐहोळेच्या मेगुती देवळावरच्या शिलालेखातून. रविकीर्तीने तो शके ५५६ म्हणजे इ.स. ६३४-३५ मध्ये रचला. लेखक राजाच्या आश्रयातला, आणि स्वतःला कालिदास-भारवींच्या पंक्तीत बसवणारा. त्याच्या मते पल्लवांचा राजा कांचीच्या तटाआड लपला. ही झाली आपली बाजू. कशाकुडीचा पल्लव ताम्रपट मात्र सांगतो की महेंद्रवर्म्याने पुल्ललूरला आपल्या प्रमुख शत्रूंचा नाश केला. शत्रूचं नाव तो घेत नाही. कूरमचा ताम्रपट आणखी स्पष्ट आहे: नरसिंहवर्म्याने परियळ, मणिमंगल, शूरमार इथे पुलकेशीला हरवलं आणि वातापी उद्ध्वस्त केली. आणि त्याचा पुरावा कुठे आहे? खुद्द बदामीच्या कातळावर. इ.स. ६४२च्या सुमाराचा नरसिंहवर्म्याचा लेख, झिजलेला का होईना, आजही तिथे आहे.

पुढे चालुक्यांनी राजधानी परत घेतली, राज्य सावरलं. तरी तो लेख समूळ खरवडून काढला नाही. रोमच्या बाजूला हॅनिबलची पाटी उरली नाही, आपल्याकडे शत्रूची उरली. इतकंच नाही, हर्षावरच्या विजयाला ह्युएन त्संगची साक्ष आहे, आणि तो तर हर्षाचा पाहुणा! तीन बाजूंनी तपासता येईल असा राजा आपल्याजवळ असताना त्याला एकाच बाजूने कळलेल्या सेनापतीचं नाव कशाला द्यायचं?

शेवटाकडे आलं की तुलना पुरतीच मोडते. इ.स.पू. १४६ मध्ये कार्थेज जाळलं गेलं, उरलेल्या माणसांना गुलाम म्हणून विकलं. (जमिनीत मीठ पेरल्याची गोष्ट मात्र कोणत्याही प्राचीन लेखकाची नाही; ती अलीकडची भर.) आपल्याकडे पुलकेशीचा खापरपणतू दुसरा विक्रमादित्य आठव्या शतकात कांचीत शिरला. त्याचा कन्नड लेख कैलासनाथाच्या देवळात आहे: देवाची संपत्ती पाहून त्याने ती देवालाच परत दिली. विजयाची खूण म्हणून राणी लोकमहादेवीने पट्टदकलला विरूपाक्षाचं देऊळ उभारलं.

कोणी म्हणेल, हीसुद्धा राजाचीच बढाई. असू शकते. पण ती बढाई शत्रूच्या देवळात, शत्रूच्या डोळ्यांसमोर कोरलेली आहे, आणि पल्लवांनी कांची पुन्हा सांभाळली तरी ती शाबूत राहिली. घरच्या भिंतीवरच्या स्तुतीपेक्षा तिचं वजन मला जास्त वाटतं. यावरून आपले राजे सगळे दयाळू होते असा अर्थ मात्र काढू नये. कूरमच्या ताम्रपटात वातापीचा विध्वंसही आहेच.

पुलकेशी मराठी की कन्नड, हा वादही याच वाचनाने थोडा निवळावा. ऐहोळेच्या लेखात ९९,००० गावांची तीन महाराष्ट्रकं आहेत, भाषा संस्कृत आहे, आणि कांचीतला खापरपणतूचा लेख कन्नडमध्ये. ज्याला जे हवं ते त्यात सापडतं. पूर्ण वाचलं तर कोणा एकाचंच काही सापडत नाही.

म्हणून एक सूचना. यापुढे पुलकेशीवर कोणी बोलायला उभं राहिलं, तर ऐहोळे, कूरम आणि कांची या तिन्ही लेखांचे उतारे श्रोत्यांच्या हातात आधी द्यावेत. टाळ्या कदाचित कमी पडतील, पण प्रश्न नक्की जास्त येतील.