देखावा आणि संवाद : नागपुरातील सार्वजनिक डिजिटल कला

सार्वजनिक जागेतील संवादी डिजिटल मांडणी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हालचालीने, स्पर्शाने किंवा आवाजाने बदलते. समोर माणूस नसेल तर ती अपुरी राहते, आणि नुसत्या रोषणाईहून ती वेगळी ठरते ती याच कारणाने. या कसोटीवर नागपुरात तंत्र भरपूर आले आहे, संवाद मात्र बेताचाच.

शहरातल्या धरमपेठ या वस्तीपासून जवळच असलेल्या फुटाळा तलावातले संगीत कारंजे हे याचे ठळक उदाहरण. २०२२ साली त्याचे प्रायोगिक खेळ झाले. उसळत्या धारा, लेझर, ए. आर. रहमान यांचे संगीत, नाना पाटेकर यांच्या आवाजातले मराठी निवेदन, कशातच कसर नाही. पण त्या खेळांत पाहणारा सज्जात बसे आणि कारंजे ठरल्या क्रमाने नाचे. समोर हजार माणसे असोत की एकही नसो, धारेची उंची तीच. गणेशोत्सवातल्या हलत्या देखाव्याची ही थोरली, महागडी आवृत्ती. देखावा असणे कमीपणाचे नाही. त्याला संवादी म्हणू नये, एवढेच.

याउलट धरमपेठेतच संवादाचा जुना, बिनविजेरी म्हणावा असा नमुना आहे. मुलांच्या ट्रॅफिक पार्कमध्ये छोटे रस्ते, सिग्नल आणि पाट्या आहेत. तिथे वाहतुकीचा नियम पाठ होत नाही, अंगवळणी पडतो. १९९२ साली सुरू झालेल्या रमण विज्ञान केंद्रातही खटका दाबल्याशिवाय किंवा चाक फिरवल्याशिवाय अनेक प्रयोग पुढे सरकत नाहीत.

शिकागोतले क्राउन फाउंटन (२००४) मात्र ही कसोटीच अडचणीत आणते. शिल्पकार जाउमे प्लेन्सा यांच्या त्या दोन ५० फुटी मनोऱ्यांवर सुमारे हजार शहरवासीयांचे चेहरे आळीपाळीने उमटतात आणि ओठांतून पाणी सुटते. तेही ठरलेलेच, चेहरा कोणाला ओळखत नाही. तरी मुले त्या धारेखाली वाट पाहत उभी राहतात, कारण पाणी जेमतेम तळवा ओला होईल इतके आहे आणि कठडा नाही. तेव्हा संवाद संगणकातच असतो असे नाही; पुष्कळदा तो जमिनीच्या पातळीवर ठरतो.

कलावंत राफाएल लोझानो-हेमर यांनी २००१ साली रॉटरडॅममध्ये केलेले ‘बॉडी मूव्हीज’ तंत्र आणि खेळ दोन्ही साधते. प्रखर दिव्यांमुळे भिंतीवरची माणसांची छायाचित्रे पुसट होत. माणसाची सावली पडली की तेवढ्या भागात चेहरा उघडे. दिव्याजवळ गेले की सावली राक्षसाएवढी. सूचनांची पाटी लावायची गरजच नव्हती.

अशा मांडणीत पहिला माणूस पुढे येणे सर्वांत कठीण. ब्रिग्नल आणि रॉजर्स या संशोधकांनी २००३ साली नोंदवले, की पडद्याशी कोणी गुंतलेले दिसले की भोवती गर्दी जमते. पण चारचौघांत फजिती होईल, या धास्तीने बरेच जण काठावरच थांबतात. म्हणून काही न करता नुसते जवळून गेले तरी काहीतरी घडावे लागते.

नागपुरात हवामानाचाही हिशेब करावा लागतो. भर उन्हात पडदा दिसत नाही, अवरक्त किरणांवर चालणारे खोली मोजणारे कॅमेरे गोंधळतात. पावसात ओल्या बोटांना स्पर्शपडदा दाद देत नाही. त्यात धूळ आणि पंचेचाळीस अंशांचा मे. धरमपेठेत फूटपाथ संध्याकाळी भरतात. तिथे स्पर्शपडद्यापेक्षा सावलीचा खेळ अधिक टिकेल: एक दिवा, एक कॅमेरा, एक प्रक्षेपक आणि कोरी भिंत, आणि उपकरणे हाताला लागणार नाहीत इतक्या उंचीवर.