‘हॅव्हॉक’ची आरोळी कोणी ठोकली?

आज एकाच इंग्रजी शब्दावर बोलायचं आहे. शब्द तुमच्या रोजच्या वाचनातला आहे, हॅव्हॉक. उत्पात, नासधूस, धूळधाण, सगळं त्यात येतं.

निमित्त साधं आहे. आमच्या इमारतीत नववीत शिकणारी एक मुलगी आहे. ती परवा वही घेऊन आली. हा शब्द वापरून पाच वाक्यं करायची होती आणि ती तिने केलीही होती. ‘आजोबा, फक्त व्याकरण बघा,’ म्हणाली. पहिलं वाक्य होतं, ‘द स्टॉर्म रीक्ड हॅव्हॉक’. मग अवकाळी पावसाने केलेली पिकांची नासाडी, विषाणूने जगभर घातलेलं थैमान, बसच्या संपाने उधळलेला दिनक्रम, आणि शेवटी कुत्र्याच्या पिल्लाने दिवाणखान्याची केलेली दैना. पाचही वाक्यं बिनचूक. पण वही परत देताना आमच्या लक्षात आलं, की पाचांपैकी एकाही वाक्यात माणूस हा कर्ता नाही. संप आहे, पण संप करणारी माणसं नाहीत, ती ठेवणीत. मग आम्ही शब्दकोशांतली नमुना वाक्यं आणि इंग्रजी दैनिकांचे मथळे चाळत बसलो. (निवृत्त माणसाला वेळ असतो.) तिथेही बहुतेक हेच. वारा, पाऊस, वाहतूक, हार्मोन्स, महागाई.

आता गंमत बघा. हा शब्द जन्मला तेव्हा त्याला कर्ता होताच, आणि तो माणूसच होता. जुन्या फ्रेंचमधून इंग्लंडात आलेली ही एक आरोळी होती. रणांगणावर कुणीतरी ‘हॅव्हॉक’ असं ओरडायचं, आणि त्याचा अर्थ असायचा: रांगा मोडा, ज्याच्या हाती जे लागेल ते त्याचं. १३८५ साली दुसरा रिचर्ड स्कॉटलंडवर चालून निघाला, तेव्हा डरहॅमला त्याने सैन्यासाठी नियम जाहीर केले. चर्च लुटू नये, अशी कलमं त्यात होतीच. पण ही आरोळी ठोकणाऱ्यासाठी वेगळं कलम होतं, आणि शिक्षा होती शिरच्छेद. नुसतं ओरडण्याबद्दल! राजाच्या मनात दया दाटून आली होती अशातला भाग नाही. ती आरोळी उठली की फौजेची झुंड होते, आणि झुंडीला सेनापती नसतो, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं.

तत्त्वज्ञान शिकवताना आम्ही वर्षानुवर्षं जे. एल. ऑस्टिन शिकवला. काही वाक्यं जगाचं वर्णन करत नाहीत, ती उच्चारणं हीच कृती असते, हे त्याने दाखवलं. जहाजाला नाव देणं, लग्नात होकार देणं, पैज लावणं. आम्हीही वर्गात हीच उदाहरणं देत आलो, सगळी कशी सोज्वळ. डरहॅमचं कलम तेव्हा आठवलं नाही याची आज रुखरुख वाटते. तो कायदा लिहिणाऱ्यांना नेमकं हेच कळलं होतं, की तो शब्द उच्चारणं हाच गुन्हा. हात नंतर चालतात.

शेक्सपिअरलाही हे ठाऊक होतं, आणि त्याने त्याच्या पुढचं काहीतरी पाहिलं. ‘ज्युलिअस सीझर’च्या तिसऱ्या अंकात, पहिल्या प्रवेशात, अँटनी प्रेताजवळ एकटा उरतो आणि भाकीत करतो, की सीझरचा आत्मा सूडासाठी हिंडेल, राजाच्या आवाजात हीच आरोळी देईल आणि युद्धाची कुत्री मोकळी सोडेल. भाषणांच्या पुस्तकांत हा उतारा जोशपूर्ण म्हणून हमखास असतो. पण त्याचं व्याकरण कुणी पाहत नाही. आरोळी कोण देणार? मेलेला माणूस. अँटनीने स्वतःला कर्तेपणातून अलगद बाहेर काढलं आहे. पुढच्याच प्रवेशात तो रोमच्या लोकांपुढे उभा राहतो आणि, आपल्याला कुणाला चिथवायचं नाही, असं सांगत सांगत जमाव पेटवतो. लोक मशाली घेऊन धावतात, आणि तो मागे उभा राहून म्हणतो, की आता उपद्रव सुरू झालाय, त्याने हवी ती वाट धरावी. त्यानंतरच्या प्रवेशात सिना नावाच्या कवीला जमाव फाडून टाकतो, कारण कटवाल्यांत त्याच नावाचा एक होता. अख्ख्या भाषणात अँटनी हॅव्हॉक हा शब्द एकदाही उच्चारत नाही. शिरच्छेदाचं कलम त्याला लावून दाखवा बरं!

म्हणजे कर्ता लपवण्याची विद्या आजच्या मथळेवाल्यांनी शोधलेली नाही. तरी १६११च्या इंग्रजी बायबलात ख्रिस्ती मंडळीची वाताहत करणारा सॉल नावानिशी कर्ता म्हणून उभा आहे. या शब्दाचा जोडीदार, ‘रीक’ हे क्रियापद, तेही मुळात माणसाचंच. आधी हाकलून देणं, मग सूड उगवणं, राग काढणं, असे त्याचे जुने अर्थ. सूड घ्यायला मन लागतं. वाऱ्याला कुठलं मन? (हे क्रियापद ‘रेक’ नव्हे हं. ‘रेक हॅव्हॉक’ असं लिहिलं की नासधुशीचीच नासधूस होते. परीक्षेत गुण जातात, ते योग्यच.)

शब्द मूळ अर्थाला चिकटूनच राहावेत, असा आमचा हट्ट नाही. पिल्लाने खुशाल हॅव्हॉक करावा. आमची तक्रार वेगळी आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. ‘पावसाने हॅव्हॉक माजवला’ हे वाक्य त्या दिवसाबद्दल खोटं नाही. पण मिठी नदीचे काठ भराव घालून आवळले होते, विमानतळापाशी तिला वळवलं होतं, आणि हे पावसाने केलेलं नव्हतं. त्या वाक्यात भराव घालणाऱ्याला जागाच नाही. वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, म्हणून कुणाला शंकाही येत नाही.

मराठीत बरं आहे असंही समजू नका. धुमाकूळ आणि थैमान ‘घालावं’ लागतं, म्हणजे घालणारा निदान शोधता येतो. पण हाहाकार? तो ‘उडतो’, ‘माजतो’, आपला आपणच. गंमत म्हणजे हाहाकार हीदेखील मुळात आरोळीच आहे, लुटल्या जाणाऱ्यांची. हॅव्हॉक ही लुटणाऱ्यांची. एकाच प्रसंगाची दोन टोकं दोन भाषांनी जपली, आणि मधला माणूस दोघींनीही हरवला.

त्या मुलीला आम्ही म्हटलं, माणूस कर्ता घालून सहावं वाक्य कर. बराच वेळ पेन्सिल चावून तिने लिहिलं, की नाला बुजवणाऱ्या माणसांनी आमच्या गल्लीत हॅव्हॉक केला. मग विचारलं, ‘असं चालतं का, आजोबा?’ आम्ही म्हटलं, व्याकरणाने चालतं. बाईंनी बरोबरची खूण केली, शेजारी प्रश्नचिन्हही काढलं.

पुढच्या वेळी ‘मेहेम’ घेऊ. तोही आज गोंधळाला वापरतात, पण तो कोर्टातला शब्द. जुन्या इंग्रजी कायद्यात कुणाचा पुढचा दात पाडला तर मेहेम व्हायचा, कान कापला तर व्हायचा नाही. का, ते डोकं लावून या. आता प्रश्न घेऊया. मागच्या रांगेत हात वर आहे, जरा माइक तिकडे द्या.