प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत नसलेला प्रश्न

माध्यमिक शिक्षकांच्या सेवांतर्गत प्रशिक्षणावर आपल्याकडे टीका होते ती भत्त्यावरून, जेवणावरून, बुडालेल्या सुट्टीवरून. तिथे काय शिकविले जाते, याची समीक्षा कोणी करीत नाही.

कोठारी आयोगाने १९६६ साली दर पाच वर्षांच्या सेवेत दोन-तीन महिन्यांचे प्रशिक्षण सुचविले. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण वर्षाला ५० तास मागते. महाराष्ट्रात १२ आणि २४ वर्षांनंतरच्या वेतनश्रेणीसाठी प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. शिक्षक येतो तो त्यासाठी. मी त्याला दोष देत नाही. आपल्या घरांत पगार ही क्षुद्र गोष्ट कधीच नव्हती. २०२१ पासून माध्यमिकसाठी 'निष्ठा'चे पाठ 'दीक्षा'वर आले. (शब्द मठातले, काम हजेरीचे!) चित्रफीत चालू ठेवून शेजारी उत्तरपत्रिका तपासणारे शिक्षक मी पाहिले आहेत.

तालुक्याच्या एका वर्गात मी मूल्यमापनावर बोलायला गेलो होतो. चहाच्या वेळी एक शिक्षक जवळ आले. म्हणाले, "सर, शिष्यवृत्तीचे फॉर्म आले की 'बीसीची मुलं उभी राहा' म्हणावं लागतं. दुसरं कसं म्हणायचं?"

प्रश्न प्रामाणिक होता. आठवीत मी असाच उभा राहिलो होतो आणि बाकावरचा मित्र किंचित सरकून बसला होता. हातातल्या पुस्तिकेत समावेशनाचा पाठ होता, जात हा शब्द नव्हता. मी म्हणालो, "यादी कार्यालयातून घ्या, एकेकाला बाहेर बोलवा." त्यांनी ते वहीत लिहून घेतले. दिवसभरात त्यांनी आपणहून लिहिलेले मी पाहिले ते एवढेच.

जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षकांविषयी सांगितले, की ते प्रशिक्षित असावेत, आणि शक्य तितके शेतकरी वर्गातले, लोकांत मिसळणारे असावेत. शिक्षकाचे कसब आणि शिक्षकाचा समाज हे प्रश्न त्यांनी एकत्र मांडले. आपल्या प्रशिक्षणाने दुसरा प्रश्न गाळला. साताऱ्याच्या शाळेत भीमराव गोणपाटावर वेगळा बसत होता, तो काही अध्यापनपद्धतीचा दोष नव्हता. हे न शिकविता फळा, पडदा, प्रश्नपेढी सुधारली, तर उत्तम शिकविणारा शिक्षक वर्गाला तसाच उभा करील, फक्त अधिक शिस्तीने.

पुढच्या खेपेला मूल्यमापनाऐवजी मी हाच विषय मागितला आहे. आयोजकांचे उत्तर अजून आलेले नाही.