बीटनबाई आणि मांसाची नावे

नाताळ जवळ आला की आपल्या अनेक घरांत कपाटावरची इंग्रजी पाकपुस्तके खाली उतरतात आणि त्यांच्यासोबत एक जुनी अडचणही उतरते. प्रमाण समजते, कृती समजते. पण खाटकाकडून आणायचे काय, तेच समजत नाही. शब्दकोश 'गोमांसाचा एक भाग' एवढे सांगून मोकळा होतो.

या पुस्तकांच्या घराण्यातील आजीबाई म्हणजे इसाबेला बीटन यांचे 'बुक ऑफ हाउसहोल्ड मॅनेजमेंट'. ते १८६१ साली ग्रंथरूपाने निघाले, तेव्हा लेखिका अवघ्या पंचवीस वर्षांच्या होत्या. १८६५ साली त्या निवर्तल्याही. पाककृती बहुतेक इतरांकडून जमवलेल्या, हा त्यांच्यावरील आक्षेप खरा आहे. तरीही आम्हांला हे पुस्तक थोर वाटते, ते एका वेगळ्याच गुणासाठी.

बीटनबाईंनी फ्रेंच पाकसंज्ञांचा छोटा कोश दिला आहे. गोमांसासाठी मात्र त्यांनी व्याख्या न देता चित्र दिले. जनावराची एक बाजू रेखाटून प्रत्येक भागावर आकडा घातला; आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ही कापणी लंडनची आहे, असे स्पष्ट बजावले. त्याचे कारणही दिले. लंडनमध्ये उत्तम मांसाला चढा भाव देणारे श्रीमंत पुष्कळ, म्हणून तेथील खाटीक उत्तम भाग होईल तेवढा मोठा कापतो. जेथे अशी विषमता कमी, तेथे त्याला तसे करण्याचे कारण नाही. म्हणजे सुरी हाडाप्रमाणे चालते तशी गिऱ्हाइकाच्या खिशाप्रमाणेही चालते! एका पाकपुस्तकात एवढे समाजशास्त्र आम्हांला अन्यत्र आढळले नाही.

पुढे अनेक पुस्तकांनी नावे तेवढी उचलली आणि हा इशारा गाळला. आज ज्याला अमेरिकन पुस्तक 'सरलॉइन' म्हणते, त्याला इंग्रज 'रम्प' म्हणतो. इंग्रजाचे 'सरलॉइन' त्याहून पुढचे, पाठीकडचे आणि अधिक मऊ. पुस्तक कोठे छापले हे न पाहता मांस आणले, तर सणाच्या दिवशी ताटात चामडे पडायचे. 'एच-बोन' हा शब्द तर निव्वळ उच्चाराची चूक. मूळ 'नेच-बोन', म्हणजे पुठ्ठ्याचे हाड. त्यातला 'न' आधीच्या 'अ'ला चिकटला आणि विद्वान मंडळी इंग्रजी मुळाक्षर शोधत बसली. 'स्वीटब्रेड' गोडही नाही, पावही नाही. ती कोवळ्या जनावराची ग्रंथी.

येथे आमची तक्रार आहे. हा भाग भाजावा आणि तो उकडावा, असे बाई सांगतात. का, ते त्या पाककृतीजवळ सांगत नाहीत. जनावर जो स्नायू फार वापरते तो चिवट, त्याला पाणी आणि वेळ हवा. पाठीचा स्नायू आळशी, त्याला कोरडी आच पुरते. एवढे एक वाक्य असते, तर नाव हरवले तरी स्वयंपाक हरवला नसता.

क्रियापदांचेही तेच. बीटनबाईंचे 'ब्रॉइल' म्हणजे विस्तवावर जाळी ठेवून भाजणे. आजच्या अमेरिकन पुस्तकात त्याच शब्दाची आच वरून येते. आपले भाषांतरकार 'रोस्ट', 'ब्रॉइल' आणि 'बेक' या तिन्हींना 'भाजणे' या एकाच दावणीला बांधतात. परतणे, वाफवणे, उकडणे असे बारीक भेद करणाऱ्या भाषेने इतके आळशी का व्हावे? 'मिन्समीट'चे भाषांतर 'खिमा' असे केलेले वाचून आम्ही कपाळाला हात लावला. बीटनबाईंच्या एका कृतीत त्यात गोमांस आहे खरे, पण मनुकांच्या राशीत; आणि दुसऱ्या कृतीत मांस मुळीच नाही, केवळ फळे आणि गुर्द्याभोवतीची चरबी.

शेवटी मटण. त्या पुस्तकातले मटण मेंढीचे, आपल्याकडचे बहुधा बकऱ्याचे, म्हणजे कमी चरबीचे. 'सॅडल' हवे असल्यास खाटकाकडे रान किंवा चाप मागून भागणार नाही. कण्याच्या दोन्ही बाजूंची कंबर न चिरता अखंड द्या, असे त्याला आदल्या दिवशीच सांगावे लागते. आणि पुस्तकातली वेळ तशीच पाळू नये. बकऱ्याची कंबर लहान, ती लवकर सुकते.